जॅझचे श्रोते आणि जॅझचे श्रमिक
(बीड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो स्त्री-पुरुष कोयता घेऊन ऊसतोडीसाठी घराबाहेर पडतात, त्या जिल्ह्यात जॅझ संगीतावर व्याख्यान व्हावे याचे काहींना नवल वाटेल, काहींना रागही येईल. जॅझ म्हणजे मुंबईच्या बड्या हॉटेलांतला, मद्याच्या पेल्याबरोबर घ्यावयाचा पदार्थ, अशी समजूत पक्की झालेली आहे. समाजवादी कार्यकर्त्यांतही ती कमी नाही. ही समजूत अगदीच निराधार नव्हे. १९३५ साली लिऑन ॲबे यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, आणि समोर बसून ऐकणारे होते ते संस्थानिक, गोरे अधिकारी व धनिक. परंतु ज्याने पैसे मोजले त्याचेच ते संगीत, असा न्याय लावायचा ठरवला तर आग्र्याचा ताजमहाल शहाजहानचा, आणि दगड घडवणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही, असे मानावे लागेल.

शिवाय बीडच्या माणसाने जॅझ ऐकलेच नाही, हेही खरे नाही. १९५१ साली ‘अलबेला’ हा चित्रपट आला. त्याचे निर्माते-दिग्दर्शक व नायक भगवानदादा हे गिरणी कामगाराचे चिरंजीव, आणि संगीतकार सी. रामचंद्र हे मूळचे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. तंबूतल्या सिनेमात बसून ज्या पिढ्यांनी त्या गाण्यांवर ताल धरला, त्यांच्या कानांवर पडत होता तो चिक चॉकलेट यांच्या वाद्यवृंदाचा ट्रम्पेट. चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातील हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ (१९१६-१९६७). ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ अशी त्यांची ख्याती होती. ‘अलबेला’च्या एका गाण्यात ते आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतात.

हा ट्रम्पेट हॉटेलातून चित्रपटगृहात आला कसा, हा प्रश्न केवळ संगीताचा नाही. चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली गोव्याची मुले पोटासाठी मुंबईला येत. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली, हॉटेलांतले नृत्याचे कार्यक्रम रोडावले आणि ही कुशल श्रमशक्ती चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांकडे वळली. तेथे मोबदला शिफ्टच्या हिशेबाने मिळे. ज्याला चाल सुचली त्याचे नाव मोठ्या अक्षरांत झळके. ती चाल व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांच्यासाठी कागदावर उतरवणारा ‘सहायक’ म्हणून कोपऱ्यात तरी येई, नाहीतर येतच नसे. शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांचे वाद्यसंयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा किंवा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची नावे किती रसिकांना ठाऊक होती? श्रम अनामिक राहिले की ते स्वस्त पडतात.

अमेरिकेतही याहून वेगळे घडले नाही, मात्र तेथील वादक लढले. तबकड्यांमुळे प्रत्यक्ष वादनाची कामे हिरावली जात होती, म्हणून १ ऑगस्ट १९४२ पासून तेथील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम वादकांच्या निधीत जमा व्हावी, ही मागणी. मोठ्या कंपन्यांपैकी शेवटच्या दोन नोव्हेंबर १९४४ मध्ये नमल्या. संगीताच्या इतिहासकारांची तक्रार अशी की, नेमक्या त्याच वर्षांत न्यूयॉर्कच्या रात्रींमधून घडत असलेली ‘बीबॉप’ ही नवी शैली त्यामुळे जवळजवळ मुद्रित झालीच नाही. तक्रार योग्य आहे, पण तिच्यातून संपाला दोषी ठरवणे बरोबर नाही. कंपन्यांना दोन वर्षे आधी शहाणपण सुचले असते तर ती शैलीही मुद्रित झाली असती!

ज्याला साहसी जॅझ म्हणता येईल ते यानंतरचे. टेक्सासमधून आलेले ऑर्नेट कोलमन लॉस एंजेलिसमध्ये लिफ्ट चालवण्याचे काम करीत आणि प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवीत. डिसेंबर १९६० मध्ये त्यांनी चार-चार वादकांचे दोन संच समोरासमोर उभे करून सदतीस मिनिटांचे सलग वादन मुद्रित केले. ख्याल ऐकणाऱ्या मराठी कानाला उत्स्फूर्त बढत नवी नाही. परंतु ख्यालात राग आणि ताल हे दोन खांब गृहीत असतात. कोलमन यांनी पूर्वनियोजित स्वरसंगतीचा खांबच काढून घेतला आणि वादकांनी एकमेकांचे ऐकून छप्पर तोलून धरावे अशी अपेक्षा केली. पहिल्यांदा ऐकताना हा गोंगाट वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ध्यानात येते की येथे कोणी नायक नाही आणि कोणी साथीदारही नाही. ज्या समाजात कृष्णवर्णीयाचे साथीला असणे हीच त्याची जागा मानली जात होती, तेथे ही गोष्ट केवळ तंत्राची राहत नाही.

याच वर्षी ढोलवादक मॅक्स रोच यांची ‘वी इन्सिस्ट’ ही स्वातंत्र्याची मागणी करणारी संगीतरचना मुद्रित झाली. १९५७ साली लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेच्या दाराशी अडवण्यासाठी सैनिक उभे करणारा गव्हर्नर फॉबस. त्याची टर उडवणारी रचना चार्ल्स मिंगस यांनी १९५९ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी वाजवली, पण ती निघाली शब्दांविना. शब्दांसह ती मुद्रित झाली १९६० मध्ये, एका छोट्या कंपनीकडून. सप्टेंबर १९६३ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँबस्फोट होऊन चार मुली मृत्युमुखी पडल्या. दोन महिन्यांनी जॉन कोल्ट्रेन यांनी ‘अलाबामा’ मुद्रित केली. पियानोच्या खर्जातील थरथर, तिच्यावर सॅक्सोफोनचे एकाकी बोलणे. त्यात शब्द एकही नाही. १९७८ च्या जुलैअखेर, विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होताच मराठवाड्यातील दलित वस्त्या पेटलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना त्या पाच मिनिटांचा अर्थ कोणी समजावून देण्याची गरज नाही.

समाजवादी वाचकाला येथे आणखी एक स्मरण होईल. मे १९६४ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात गेले. प्रवेश नाकारल्यावर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, परतण्यास त्यांनी नकार दिला आणि पोलिसांनी त्यांना पकडले. लोहियांनी तेथे जे केले आणि रोच-मिंगस यांनी तबकडीवर जे केले, त्यांत जातीचे नाते आहे. अर्थात जात हा शब्द येथे चांगल्या अर्थाने घ्यावयाचा.

कोल्ट्रेन यांनी १९६१ मध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली, मुलाचे नाव रविशंकरांवरून रवी ठेवले, हे सांगताना काही मंडळींची छाती फुगते. त्यात फार फुगण्यासारखे नाही. कोल्ट्रेन यांनी घेतला तो आधारस्वराचा विचार. राग त्यांनी वाजवला नाही, तसा दावाही केला नाही.

हे सारे येथवर पोचवले कोणी? आयातीवरील निर्बंधांच्या काळात परदेशी तबकडी दुर्मीळ होती. ती हातोहात फिरे. १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम लघुलहरींवर येई, आणि लघुलहरींना मुंबई आणि मराठवाडा सारखेच. तो अमेरिकी सरकारचा प्रचार होता यात शंका नाही. सरकार ज्यांना स्वातंत्र्याचे नमुने म्हणून जगापुढे ठेवीत होते, त्यांपैकी लुई आर्मस्ट्राँग यांनीच लिटल रॉकच्या प्रकरणी संतापून १९५७ मध्ये सरकारपुरस्कृत रशिया दौऱ्याला नकार दिला. प्रचारकाच्या हातून निसटलेले सत्य ऐकणाऱ्याला असे कधीकधी लाभते.

मुंबईत निरंजन झवेरी यांनी १९५२ मध्ये मित्रांसह ‘ब्लू रिदम’ हे जॅझला वाहिलेले नियतकालिक काढले. ते फार चालले नाही. झवेरी व्यावसायिक वादक नव्हते. ते श्रोते होते, आणि श्रोता म्हणूनच त्यांनी पुढची पंचवीस वर्षे चिकाटी धरली. १९७८ च्या फेब्रुवारीत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली आणि सॉनी रॉलिन्ससारखा अग्रगण्य सॅक्सोफोनवादक तेथे वाजवून गेला. या उत्सवांतून गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस, लुई बँक्स आणि कर्नाटक संगीताच्या गायिका रमामणी एका मंचावर आले. उत्सवाला ‘यात्रा’ म्हणण्यात कल्पकता होती. मात्र यात्रेला जसा गावोगावचा माणूस येतो तसा येथे आला नाही. ही यात्रा राज्यातील जिल्ह्यांच्या गावी का गेली नाही, हा प्रश्न झवेरींपेक्षा राज्याच्या सांस्कृतिक खात्याला विचारावयाचा आहे.

साहसाची किंमत कोण मोजतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमान्सियो डिसिल्वा यांचे. मुंबईत, गोव्याच्या कुटुंबात १९३६ साली जन्मलेला हा गिटारवादक साठीच्या दशकात लंडनला गेला. जमैकात जन्मलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्याबरोबर त्यांनी १९६९ मध्ये ‘हम दोनो’ मुद्रित केली. साम्राज्याच्या दोन टोकांवरील दोन वसाहतींचे पुत्र साम्राज्याच्या राजधानीत एकमेकांशी बोलत आहेत, आणि त्यांची भाषा ना पूर्ण अमेरिकी आहे ना पूर्ण भारतीय. पुढे सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी ‘कोकण डान्स’ मुद्रित केली. ती प्रसिद्ध झाली २००६ मध्ये. डिसिल्वा १९९६ मध्येच वारले होते. दरम्यान ‘हम दोनो’ची मूळ प्रत संग्राहकांच्या बाजारात चढ्या भावाने विकली जाऊ लागली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने टंचाई व मूल्य यांचा धडा येथे अवश्य गिरवावा, आणि त्या भावातला एक पैसाही वादकाकडे जात नाही, हेही वहीत टिपावे.

बीडपुरते बोलायचे तर गोष्ट दूर जाण्याची नाही. १९४७-४८ मध्ये ॲलन लोमॅक्स यांनी मिसिसिपीतील पार्चमन तुरुंगाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय कैद्यांची गाणी मुद्रित केली. जॅझच्या मुळाशी असलेला आवाज त्यांत टिकून राहिला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे विशाल संकलन केले, त्यात १९९६ साली याच जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. हलगीचे तसे व्हावयाचे आहे. हलगी वाजवणे हे जातीने लादलेले काम म्हणून अनेकांनी ती खाली ठेवली, आणि ते योग्यच केले. पण ती ज्यांना स्वेच्छेने वाजवायची आहे, त्यांचे वादन, नाव आणि मानधन या तिन्हींची नोंद ठेवणारी वादकांचीच सहकारी संस्था का असू नये? मिंगस व रोच यांनी १९५२ मध्ये स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली, १९६५ मध्ये शिकागोच्या कृष्णवर्णीय वादकांनी स्वतःची संघटना उभारली. सहकाराचा जप करणाऱ्या महाराष्ट्रात साखरेला कारखाने मिळाले. जिल्हा ग्रंथालयात एक खोली, दोन कर्णे आणि आठवड्याला एक संध्याकाळ एवढ्यावर आरंभ करता येईल. पहिल्या संध्याकाळी ‘अलाबामा’ आणि भीमनगरच्या ओव्या पाठोपाठ लावाव्यात.