अनवाणी धावपटू

(क्रीडादिनाच्या आदल्या दिवशी गुरुजींनी मुलांपुढे केलेले भाषण)

मुलांनो,

उद्या आपल्या शाळेत शर्यती आहेत. काल एक मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, माझे बूट जुने आहेत. मी धावणार नाही." म्हणून आज मी तुम्हांला एका धावपटूची गोष्ट सांगतो. त्यांचे नाव अबेबे बिकिला.

आपल्या मॉरिशसप्रमाणेच इथिओपिया हाही आफ्रिकेतील देश आहे. तेथील जातो या खेड्यात १९३२ साली अबेबे जन्मले. लहानपणी ते गुरे राखत. पुढे ते सम्राटांच्या रक्षकदलात शिपाई झाले. तेथे ओन्नी निस्कानेन या प्रशिक्षकांनी त्यांना शर्यतीसाठी तयार केले.

१९६० साली रोम शहरात ऑलिंपिक सामने भरले. मॅरेथॉन शर्यत बेचाळीस किलोमीटरहून लांब असते. अबेबेंना नवे बूट नीट बसेनात. मग त्यांनी काय केले असेल? अनवाणी धावण्याचा त्यांना सराव होता. ते तसेच धावले! रात्र झाली. रस्त्याच्या कडेला सैनिक मशाली घेऊन उभे होते. त्या उजेडात अबेबे सर्वांच्या पुढे गेले आणि जिंकले. वेळ लागला २ तास १५ मिनिटे १६ सेकंद. तोवर इतक्या कमी वेळात कोणीही मॅरेथॉन पुरी केली नव्हती.

१९६४ साली टोकियोला ऑलिंपिक होते. काही आठवडे आधीच अबेबेंच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली होती. तरीही ते धावले, या वेळी बूट घालून, आणि पुन्हा पहिले आले! ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारे ते पहिलेच धावपटू.

पण १९६९ साली त्यांच्या मोटारीला अपघात झाला. त्यांचे पाय कायमचे निकामी झाले. ज्यांचे सारे नाव पायांमुळे झाले, त्यांचेच पाय गेले! अबेबेंना किती दुःख झाले असेल! पण ते खचले नाहीत. हात तर शाबूत होते. १९७० साली इंग्लंडमध्ये अपंग खेळाडूंचे सामने झाले. तेथे चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी धनुष्यबाण हाती घेतला.

१९७३ साली, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मुलांनो, बूट नव्हते तेव्हा अबेबे अनवाणी धावले. पाय गेले तेव्हा हातांनी खेळले. जे नाही त्यासाठी ते रडत बसले नाहीत. जे आहे ते घेऊन पुढे गेले.

आता त्या जुन्या बुटांच्या मुलाला मी एवढेच सांगतो : बाळ, नाड्या घट्ट बांध आणि उद्या मैदानावर ये. आम्ही सारे तुझी वाट पाहू.