उजेड कुठं टांगायचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)

दुर्गम भागातल्या कामाचे अनुभव सांगायला मला बोलावलंय. मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर २०१३ ते २०१५ अशी दोन वर्षं मी पाटण तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर राहिले. गवळी धनगरांची अकरा घरं. डांबरी रस्त्यापासून दोन तासांची चढण. वीज नाही. डोंगरापलीकडे कोयनेचा जलाशय. त्या पाण्यावर जवळजवळ दोन हजार मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प चालतो, आणि आम्ही चिमणीच्या उजेडात जेवायचो.

कागदावर मात्र गावात वीज होती. २००४ सालच्या सरकारी व्याख्येत इतर अटींबरोबर शेकडा १० घरांत वीज असली, की गावाचं विद्युतीकरण झालं असं धरतात. वाडा म्हणजे वेगळं महसुली गाव नव्हे. खालच्या गावठाणात दिवे लागले, की वरचा अंधार कुठल्याच रकान्यात येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये देशातल्या सगळ्या गावांत वीज पोहोचल्याचं जाहीर झालं, तेव्हा मला पहिल्यांदा हा वाडा आठवला.

तिथला बाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घरातच एका बाजूला म्हशी. धार काढायला दोन्ही हात लागतात, मग चिमणी धरणार कोण? सगळं अंदाजानं. सकाळचं दूध पुरुष खाली डेअरीला न्यायचे. संध्याकाळचं दूध थंड ठेवायची सोय नाही, म्हणून ते विरजायचं, घुसळायचं, लोणी काढायचं, तूप कढवायचं. पावसाळ्यात ओल्या लाकडांचा धूर घरभर. माणसं आणि म्हशी एकाच धुरात.

आमच्या संस्थेनं घरटी एक सौर दिवा दिला. मी बैठक घेतली. बैठकीला आले पुरुष. दिवा कुठं टांगायचा? ओसरीवर, असं ठरलं. मी अहवालात लिहिलं, 'अकरा घरं उजळली.'

महिन्याभरानं एका रात्री शेजारच्या आक्कांची म्हैस अडली. वाऱ्यानं चिमणी सारखी विझत होती. आक्का चाचपडत होत्या, मी काड्या ओढत होते. तिकडं ओसरीवर दिव्याखाली पत्त्यांचा डाव चालला होता. दिवा काढून आणायचं मलाही सुचलं नाही. म्हैस वाचली, रेडकू गेलं. सकाळी आक्का एवढंच म्हणाल्या, "बाप्यास्नी इचारलंत. गोठ्यात कोन ऱ्हातंय, त्ये न्हाई इचारलंत."

मग मी झऱ्यावर बैठक घेतली. तिथं सगळ्याजणी येतातच. कुणी म्हणाली चुलीपाशी, कुणी गोठ्यात. दिवा खुंटीवरून काढून हवा तिथं नेता यावा, असं ठरलं. नऊ घरांनी ऐकलं, दोघांनी नाही.

पण एका सासुरवाशिणीनं विचारलं, "ताई, उद्या लाईट आली, दूध गार ठेवायचं यंत्र आलं, तर सांजचं दूधबी डेअरीलाच जानार. मग माज्या तुपाचं काय?" तुपाचे पैसे तेवढे बाईच्या हातात पडत. डेअरीचं खातं नवऱ्याच्या नावावर. याचं उत्तर माझ्या पदवीत नव्हतं. पुढचं वर्षभर आम्ही बायकांच्या नावानं डेअरीत खाती उघडायच्या मागे लागलो. मी निघाले तेव्हा तिघींची झाली होती. तिघींचीच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. वीज मागायचीच. अंधारात गुण शोधायची चैन आपल्याला नको. वनजमीन आडवी येते असं सांगितलं, तर २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) दाखवा. ग्रामसभेच्या शिफारशीनं वीजवाहिनीसारख्या सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते. पण त्या ग्रामसभेला वाड्यावरच्या बायका बसल्यात का, हे आधी बघा. मीटर कुणाच्या नावावर, दुधाचं खातं कुणाच्या नावावर, पहिला दिवा कुठल्या खोलीत, हे प्रश्न तार ओढण्याआधीच विचारायला हवेत.

मी ते उशिरा विचारले. तुम्ही आधी विचारा.