हृदयाची झडप : शस्त्रक्रिया की नलिका?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वृद्धांच्या आरोग्याविषयी चार शब्द सांगावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. त्या विस्तृत विषयातून मी एकच व्याधी निवडली आहे. कारण ‘आता वय झाले’ या तीन शब्दांखाली ती पुष्कळदा झाकली जाते.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त महारोहिणीत जाते. त्या दारावर तीन पाकळ्यांची झडप असते. निरोगी झडपेचे तोंड ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. उतारवयात पाकळ्यांवर चुन्याचे क्षार साचून त्या ताठरतात. काहींच्या झडपेस जन्मतःच दोन पाकळ्या असतात. त्यांना हा विकार लवकर गाठतो. तोंड १ चौरस सेंटिमीटरहून लहान झाले म्हणजे विकार तीव्र समजतात. हृदय अधिक जोर लावून वर्षानुवर्षे निभावून नेते, म्हणून रोग्यास काही जाणवत नाही. पुढे जिना चढताना धाप लागते, छातीत दुखते किंवा घेरी येते. ही लक्षणे दिसू लागल्यावर उपचारांवाचून आयुष्य सरासरी दोन ते पाच वर्षेच उरते, असे रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ साली दाखवून दिले. औषधाने अरुंद झडप रुंद होत नाही. ती बदलावीच लागते.

पहिला मार्ग शस्त्रक्रियेचा. १९६० साली बोस्टन येथे डॉ. ड्वाइट हार्केन यांनी ही झडप यशस्वीपणे बदलली. छातीचे हाड उघडून, रक्ताभिसरण यंत्राकडे सोपवून व हृदय थांबवून जुनी झडप कापून काढतात आणि नवी शिवतात. नवी झडप यांत्रिक असल्यास ती दीर्घकाळ टिकते, परंतु रक्त पातळ ठेवण्याचे औषध जन्मभर घ्यावे लागते. तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली अशी स्वदेशी झडप सिद्ध झाली व १९९० साली प्रथम वापरली गेली. दुसरी जात प्राणिज झडपेची. तीस ते औषध सहसा जन्मभर लागत नाही, परंतु ती कालांतराने झिजते.

दुसरा मार्ग नलिकेचा. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. आलँ क्रिबिए यांनी तो प्रथम माणसावर अवलंबिला. बहुधा जांघेतील रोहिणीतून नलिका हृदयापर्यंत नेतात आणि जाळीत मिटवून बसविलेली झडप जुन्या झडपेच्या आत उलगडतात. जुनी झडप काढीत नाहीत. ती बाजूस दाबली जाते. रोगी थोड्याच दिवसांत घरी जातो. ही झडप गाईच्या अथवा डुकराच्या हृदयावरणापासून केलेली असते. ज्या कुटुंबांस हा धर्मप्रश्न वाटतो त्यांनी तो डॉक्टरांपुढे आधीच, संकोच न धरता मांडावा.

दोहोंत श्रेष्ठ कोणता? शस्त्रक्रिया ज्यांना झेपणार नाही अशा रोग्यांची तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली. प्रचलित उपचारांवरील शेकडा ५०.७ रोगी वर्षभरात दगावले. नलिकेने झडप बसविलेल्यांपैकी ३०.७. अशांना नलिका हे वरदानच होय. शस्त्रक्रियेचा धोका कमी असलेल्या, सरासरी ७३ वर्षे वयाच्या सुमारे १,००० रोग्यांचा पाच वर्षांचा वृत्तान्त २०२३ साली आला. मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा रुग्णालयात जाणे यांपैकी काही घडले असे नलिकेच्या गटात शेकडा २२.८ व शस्त्रक्रियेच्या गटात २७.२ होते. हा फरक केवळ योगायोगाचाही असू शकेल. म्हणजे पाच वर्षांपर्यंत दोन्ही मार्ग जवळजवळ तुल्यबळ ठरले.

मग निर्णय कशावर? मुख्यतः पुढील आयुष्यावर. पन्नाशीच्या गृहस्थास आणखी तीस वर्षे जगावयाचे असते. त्यास एकदा बदललेली झडप पुन्हा बदलावी लागेल काय, हा विचार प्रथम केला पाहिजे. पंच्याऐंशीच्या आजीबाईंना छाती न उघडणे हेच मोठे सुख. अमेरिकन मार्गदर्शिकेने २०२० साली ६५ वर्षांखालील रोग्यांस साधारणतः शस्त्रक्रिया, ८० वर्षांवरील रोग्यांस नलिका, आणि मधल्या वयात विचारविनिमय असे सुचविले. युरोपीय मार्गदर्शिकेने २०२५ साली नलिकेची मर्यादा ७० वर्षांवर आणली. नलिकेनंतर पेसमेकर बसविण्याची वेळ अधिक येते व झडपेच्या कडेने रक्त झिरपण्याचा संभव राहतो. शस्त्रक्रियेत रक्तस्राव व नाडीची अनियमितता अधिक. दोन पाकळ्यांची झडप असल्यास, किंवा इतर झडपा वा हृदयाच्या रोहिण्याही बिघडल्या असल्यास पुष्कळदा शस्त्रक्रियाच सोयीची.

खर्चाचा प्रश्न टाळता येत नाही. गुजरातेतील वापी येथे नलिकेची झडप तयार होऊ लागली, तरीही हा उपचार आपल्याकडे शस्त्रक्रियेहून बराच महाग आहे. म्हणून एवढेच सांगेन की, ऋण काढून नलिकाच घेतली तर वडिलांवर माया, आणि शस्त्रक्रिया पत्करली तर हयगय, असा समज कोणी करून घेऊ नये. योग्य वयात, योग्य हाती झालेली शस्त्रक्रिया हा दुय्यम उपचार नव्हे.

खरी हयगय विलंबात आहे. घरातील वडीलधाऱ्यांस धाप लागू लागली, तर छातीला नळी लावून तपासून घ्या. हृदयात कुरकुर ऐकू आली तर इको करवून घ्या. पुढे प्रसंग आलाच, तर हृदयरोगतज्ज्ञ व शल्यविशारद या दोघांचेही मत घ्या आणि विचारा : आमच्या माणसास कोणता मार्ग, का, आणि ही झडप झिजल्यावर पुढे काय? रोग्याची स्वतःची इच्छाही विचारा. जीव त्याचा आहे.