फाइल ७५ वर्षे, तक्रार १ वर्ष
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्लंडच्या कल्याणकारी राज्याविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज त्याच्या एका लहानशा नियमाविषयी बोलणार आहे. माझे काम भाषांतराचे. एखाद्या शब्दापाशी अडण्याची मला सवय आहे.

ज्या मुलांना घरी ठेवणे धोक्याचे ठरते, त्यांचा सांभाळ तेथे स्थानिक कौन्सिल करते. ही मुले बहुतांशी गरिबांची, हे सांगावयास नकोच. १९८९ च्या बालक कायद्याने त्यांना कौन्सिलविरुद्ध तक्रारीचा हक्क दिला. पुढे २००२ च्या कायद्याने तक्रार मांडण्यासाठी साहाय्यकही दिला. या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु २००६ च्या नियमांनी मुदत घातली: तक्रारीचे कारण घडून १ वर्ष उलटले, की ती विचारात घेण्याचे बंधन कौन्सिलवर राहत नाही. याआधी तक्रार करण्याची अपेक्षा धरणे वाजवी नव्हते आणि अजूनही न्याय्य चौकशी शक्य आहे, असे वाटल्यास कौन्सिल ती घेऊ शकते.

मी अडलो तो या ‘वाजवी’ शब्दापाशी. वाजवी काय, हे प्रथम ठरविणार कोण? जिच्याविरुद्ध तक्रार, ती कौन्सिलच. पुढे लोकपालाकडे जाता येते. तेथेही मुदत १२ महिन्यांचीच. मात्र ती गोष्ट कळल्यापासून मोजतात, आणि सबळ कारण असल्यास तो ती शिथिल करतो.

आता तेरा वर्षांचा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. त्याला बहिणीपासून तोडून दूरच्या बालगृहात धाडले आहे. का, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ज्यांच्या हातचे जेवायचे, त्यांच्याविरुद्ध तो वर्षाच्या आत अर्ज लिहील काय? पुढे पंचविसाव्या वर्षी तो आपली फाइल मागतो. ती मिळते, कारण अशा मुलाची फाइल त्याच्या जन्मापासून ७५ वर्षे जपून ठेवण्याचे बंधन कौन्सिलवर आहे! आपल्या बालपणाचे निर्णय कोणी आणि कशासाठी घेतले, हे तो प्रथमच वाचतो. मग तक्रार करतो, तर उत्तर मिळू शकते: उशीर झाला.

स्मृती पुसट होते, नोकर बदलतात, जुन्या गोष्टींची चौकशी कठीण जाते, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण कागद तर कौन्सिलच्याच कपाटात आहेत.

उशीर किती लांबतो, ते लंडनच्या लॅम्बेथ कौन्सिलने दाखविले. २०२१ च्या चौकशी अहवालानुसार तिच्या तीन बालगृहांतील ७०५ माजी रहिवाशांनी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी केल्या होत्या. ४० वर्षांत शिस्तभंगाची कारवाई झालेला वरिष्ठ नोकर कौन्सिलला एकच सापडला.

लैंगिक अत्याचाराच्या नुकसानभरपाई दाव्यांना असलेली ३ वर्षांची मुदत काढून टाकावी, अशी शिफारस याच चौकशीने २०२२ मध्ये केली. सरकारने ती २०२५ मध्ये मान्य केली. स्कॉटलंडने बालपणीच्या अत्याचारांसाठी २०१७ मध्येच तसा कायदा केला होता. हे स्वागतार्ह आहे. पण ही सुधारणा न्यायालयातील दाव्यांपुरती. घरे वारंवार बदलली, शाळा सुटली, बहीण दुरावली, अशा गाऱ्हाण्यांसाठी तो मुलगा कौन्सिलच्या खिडकीशीच जाणार, आणि तेथे मोजणी त्या एका वर्षाचीच होणार.