ग्रहण पाळायचं की पाहायचं?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



रेशन, पाणी, मारहाण हे प्रश्न समोर असताना आकाशनिरीक्षण मंडळांवर कशाला बोलायचं, असं काहीजणींना वाटेल. पण कुणी बाहेर येऊन पाहायचं आणि कुणी घरात बसायचं, हा प्रश्न आपलाच आहे.

ॲनी मॉन्डर यांचं उदाहरण घ्या. केंब्रिजला गणित शिकलेल्या ॲनीबाई ग्रिनिचच्या वेधशाळेत तुटपुंज्या पगारावर आकडेमोड करत. १८९५ मध्ये लग्न झालं आणि विवाहितेला नोकरी नाही, या नियमाने ती सुटली. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना १८९२ मध्येच नाकारलं होतं. मात्र १८९० मध्ये निघालेल्या ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी अभ्यासकांच्या संस्थेत पहिल्यापासून स्त्रियांना प्रवेश होता. तिच्याच मोहिमेबरोबर त्या आपल्या वऱ्हाडात, तळणीला आल्या. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलाचा लाखो मैल लांब झोत त्यांनी छोट्याशा कॅमेऱ्याने टिपला. त्या जुन्या सोसायटीचं दार बायकांसाठी उघडायला मात्र १९१६ साल उजाडलं.

आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत ग्रहण लागलं की गरोदर बाईला खोलीत बसवतात. चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाण्याचा घोटही नाही. मूल दुभंगलेल्या ओठाचं जन्मलं तर दोष तिचाच! ओठ जुळतो तो गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात; ग्रहणाशी त्याचा काही संबंध नाही. उघड्या डोळ्यांनी सूर्य पाहणं घातक आहे, पण ते सगळ्यांनाच.

हे घरोघर सांगायला मंडळांची मदत होते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे; नंतर गावोगावी मंडळं निघाली. तिथे पदवी लागत नाही, ही त्यांची ताकद. पण कार्यक्रम रात्रीचे, गावाबाहेरच्या माळावर. परतीची सोय नसेल, संडास नसेल, तर ‘सर्वांना प्रवेश’ असं लिहून बाई येणार कशी?

तेव्हा मंडळांकडे या सोयी मागू या, आणि दुर्बीण वस्तीत आणायलाही सांगू या. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर मुंबई-पुण्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. पावसाळा आहे, ढग असतीलही. तरी पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर कशी घ्यायची, हे आतापासून शिकू या. त्या दिवशी गरोदर सुनेला अंगणात आणू, आणि तिच्या सासूबाईंनाही.