रोजची सायकल



सायकल हा काही व्याख्यानाचा विषय आहे काय, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आली असेल. व्याख्यानमाला म्हटली की इतिहास, वेदान्त, साहित्य, राजकारण अशा भारदस्त विषयांची आपल्याला सवय. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून लोकशिक्षण हा या उपक्रमाचा हेतू मानला गेला आहे. जी गोष्ट आपण रोज पाहतो, आणि रोज पाहतो म्हणूनच जिच्याकडे लक्ष देत नाही, तिच्याविषयी चार शब्द बोलणे हेही लोकशिक्षणात बसते अशी आमची समजूत आहे.

प्रथम विषयाची हद्द आखून घेतो. मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तीन पारशी तरुण १९२३ साली सायकलवर निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली घरी परतले. तो पराक्रम मोठा, पण आजचा विषय तो नव्हे. पहाटे उठून व्यायामासाठी तीस-चाळीस किलोमीटरची रपेट मारणारी हौशी मंडळी हल्ली आपल्या जिल्ह्यातही दिसतात. त्यांचेही आम्हाला कौतुक आहे, पण त्यांच्याविषयीही आज बोलायचे नाही. बोलायचे आहे ते सायकलने रोज कामावर जाणाऱ्या माणसाविषयी. पेपर टाकणारा मुलगा, गवंडी, दूधवाला, जिनिंगमधला मजूर, शाळेत जाणारी मुलगी आणि उरलेसुरले आम्ही कारकून-मास्तर, एवढाच आमचा परिवार.

हे यंत्र किती साधे आहे पाहा. १८८५ साली इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी जोडलेली सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉप यांनी तिला हवेचा टायर दिला. त्यानंतर सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ मांडणी तीच राहिली. चालायला जेवढी शक्ती लागते तेवढ्याच शक्तीत सपाट रस्त्यावर सायकलस्वार तिप्पट-चौपट अंतर तोडतो. कारण उघड आहे. चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार उचलावा लागतो. सायकलवर तो भार बैठक सांभाळते आणि पायांना फक्त चाक फिरवायचे उरते. चढाला मात्र ही सवलत नाही. तिथे आपले वजन आणि सायकलचे पंधरा-वीस किलो, दोन्ही वर न्यावे लागतात. म्हणून घाटात सायकलस्वार उतरतो आणि हातात सायकल धरून चालू लागतो. यात कमीपणा काही नाही.

आपल्या जिल्ह्याचे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग आपण बोलण्यात नेहमी करतो. सायकलस्वाराला हा भूगोल पायांनी कळतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट मुलूख. तिथे चढ नाही, पण मे महिन्यात दुपारी बारानंतर हँडलला हात लावता येत नाही, आणि पावसाळ्यात कच्च्या वाटेवर काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी घट्ट बसते की काडीने कोरून काढल्याशिवाय चाक फिरत नाही. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर या बाजूला हवा थंड, पण रस्त्याला उतार-चढ आणि समोरून वारा. जून महिन्यात पश्चिमेचा वारा छातीवर घेऊन कचेरी गाठणारा माणूस साहेबासमोर घामाघूम उभा राहिला, तर त्याला उशीर का झाला हे साहेबाने वाऱ्याला विचारावे!

तरीही ही गावे सायकलसाठीच जणू मापून घेतलेली आहेत. बुलढाण्याच्या जयस्तंभ चौकातून निघाले तर गावातली कोणतीही शाळा, कचेरी किंवा दवाखाना किती दूर? पंधरा-वीस मिनिटांत सायकलने पोचता येणार नाही असे ठिकाण शोधावेच लागेल. मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव यांचीही गोष्ट तीच. खामगाव थोडे पसरलेले, तरी तेही सायकलच्या टप्प्यातले. मोताळ्याच्या माणसाने रोज राजूर घाट चढून बुलढाण्याला यावे, असे म्हणण्याइतके आम्ही निर्दय नाही. पण गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटरसाठी इंजीन सुरू करावे लागते, याचा विचार व्हायला हवा.

रेल्वेशी तर सायकलचे जुने सख्य. जलंब ते खामगाव ही तेरा किलोमीटरची शाखा १८७० साली कापसासाठी निघाली. मुंबई-नागपूर मार्गावर मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आपली स्टेशने. एका गावात घर आणि दुसऱ्या गावात नोकरी असलेल्याला आपल्याकडे 'अप-डाउनवाला' म्हणतात. या अप-डाउनवाल्यांत दोन सायकली बाळगणारे लोक असत. एक घराकडच्या स्टेशनावर, दुसरी नोकरीच्या गावच्या स्टेशनावर. दुसरी बहुधा जुनी, रंग उडालेली, घंटी सोडून सगळे वाजणारी. स्टँडवाल्याला महिन्याचे पैसे दिले की तो ती रात्रभर सांभाळी. घर ते स्टेशन सायकल, मग पॅसेंजर, मग पुन्हा सायकल. मोठ्या शहरांत आज प्रवासाचे दोन साधनांतले सांधे जोडण्यासाठी तज्ज्ञ नेमतात. आमच्या अप-डाउनवाल्याने तो सांधा स्वतःच जुळवला होता.

त्या काळी सायकलला मान होता. स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत आसनसोल, मद्रासजवळचे अंबत्तूर, सोनिपत, लुधियाना येथे कारखाने निघाले आणि देशी सायकली गावोगाव पोचल्या. लग्नात जावयाला सायकल आणि मनगटी घड्याळ देत. नगरपालिका सायकलवर कर घेत आणि भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसली की पोलीस शिट्टी वाजवी. पोरे तासावर सायकल भाड्याने आणत आणि बैठकीपर्यंत पाय पुरत नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून कैची चालवत. प्रत्येक चौकात एक सायकल दुकान असे. तिथे पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर काढले जाई, चाकाचा आउट निघे, छर्रे बदलत, आणि तेवढ्या वेळात गावचे सगळे राजकारण बोलून होई.

पुढे काय झाले ते आपण पाहिलेच. मोपेड आली, स्कूटर आली, मग मोटारसायकल हप्त्यावर मिळू लागली. मास्तरांनी सायकल सोडली, कारकुनांनी सोडली, वकिलांनी तर कधीच सोडली. २०११ च्या जनगणनेत देशातील शंभरांपैकी सुमारे पंचेचाळीस घरांत सायकल होती. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे तेरा माणसे सायकलने कामावर जात. मोटारच्या दुचाकीने जाणारेही जवळजवळ तेवढेच. म्हणजे सायकल संपली नव्हती. मग काय संपले? तिच्यावर बसणाऱ्याचा शब्द संपला. ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला बंद पडला. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून जागतिक सायकल दिन म्हणून पाळायला घेतलेला तो दिवस होता.

आज आम्हाला सांगायचे आहे ते येथेच येते. रस्ता ज्याची गाऱ्हाणी ऐकली जातात त्याला सांभाळतो. जोवर हेडमास्तर, अव्वल कारकून आणि वकील सायकलवर होते, तोवर खड्डा पडला की दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत कोणीतरी बोले. ते उतरले, आणि सायकलवर ज्यांना दुसरा इलाज नाही असेच लोक राहिले. पहाटे कामावर निघणारा गवंडी निवेदन घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे जात नाही; गेला तर त्याचा रोज बुडतो.

याचा परिणाम डांबराच्या कडेवर जाऊन पाहावा. रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि साइडपट्टी तशीच खाली राहिली. मागून ट्रकचा भोंगा वाजला की सायकलस्वाराला डांबरावरून खाली उतरावे लागते. ती चार-सहा बोटांची पायरी उतरताना चाक घसरते, चढताना तर हटकून अडते. मोटारवाल्याला ही पायरी दिसतही नाही. सायकलस्वाराचा सगळा दिवस तिच्याभोवती फिरतो. समृद्धी महामार्ग आपल्या मेहकर, सिंदखेड राजा भागातून जातो. तिथे दुचाकींना मज्जाव आहे, तो रास्तच आहे. आम्हाला तीन तासांत नागपूर गाठायचे नाही. बाजारातून दवाखान्यापर्यंत धडपणे पोचायचे आहे.

आपण म्हणाल, हा काळाचा महिमा आहे, त्याला उपाय नाही. हॉलंडचे उदाहरण घ्या. आज तो देश सायकलींचा म्हणून ओळखला जातो, आणि आपल्याला वाटते की तिथे पूर्वापार असेच असेल. वस्तुस्थिती निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकल मागे पडत गेली. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' हे त्यांच्या चळवळीचे नावच होते. १९७३ साली तेलाची टंचाई आली आणि काही रविवार मोटारी बंद राहिल्या. लोकांना आपला रस्ता पुन्हा दिसला. पुढे वर्षानुवर्षे सायकलींच्या वाटा बांधल्या गेल्या. ज्यांच्या घरी मोटारी होत्या असे लोकही त्यात बोलले, हे ध्यानात घ्यावे.

आणि मुलांचा प्रश्न आपल्या दारातही आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. आपल्या जिल्ह्यातले तालुकेही त्यात आहेत. बिहारात २००६ साली अशीच योजना निघाली. तिचा अभ्यास झाला, त्यात मुलींचे माध्यमिक शाळेत जाण्याचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेले दिसले, आणि शाळा तीन किलोमीटरपलीकडे असलेल्या गावांत परिणाम अधिक होता. सायकलीमुळे मुलगी शिकते, याहून मोठा पुरावा कोणता हवा? पण सरकारने सायकल दिली आणि रस्ता भरधाव गाड्यांना दिला, तर बाप काय करील? दोन दिवस ट्रक अंगावरून जाताना पाहील आणि तिसऱ्या दिवशी मुलीला म्हणेल, 'बाई, राहू दे शाळा.' ही सायकल मग घरात दोरीच्या वळकटीखाली उभी राहते आणि योजनेच्या कागदावर मात्र धावत असते.

आक्षेपांचा थोडक्यात विचार करू. ऊन फार, हे खरे. पण शाळा-कचेरीला जाण्याची वेळ भर दुपारची नसते, आणि डोक्याला उपरणे गुंडाळण्याची विद्या वऱ्हाडाला शिकवावी लागत नाही. पाऊस फार, असे म्हणण्याचे भाग्य तर आपल्या जिल्ह्याला दर वर्षी लाभतही नाही. वेळ नाही, हे म्हणणाऱ्याने गावातल्या गावात मोटारसायकलने किती मिनिटे वाचतात ती मोजावीत. खरा आक्षेप चौथा आहे आणि तो कोणी तोंडाने बोलत नाही. 'लोक काय म्हणतील?' सायकलवरून आलेला पाहुणा आणि मोटारीतून आलेला पाहुणा यांच्या चहाच्या कपात फरक पडतो, हे आपण सगळे जाणतो. या आक्षेपाला युक्तिवादाने उत्तर नाही. चार प्रतिष्ठित माणसे रोज सायकलवर दिसली, तरच त्याचे उत्तर मिळेल.

म्हणून आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. रस्ता नवा करताना साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणावी. शाळा सुटण्या-भरण्याच्या वेळी शाळेपुढच्या रस्त्यावर जड वाहनांना आवर घालावा. शाळा, बस स्थानक आणि कचेऱ्या यांत सायकलींना सावलीची जागा असावी. सध्या सावलीत साहेबांची मोटार आणि उन्हात सायकल अशी व्यवस्था आहे. प्रत्येक शाळेत एक हवेचा पंप आणि पंक्चरचे सामान असावे, आणि ते कसे वापरावे हे मुलींनाही शिकवावे. कोणत्याही नगरपालिकेच्या आवाक्यातल्या या गोष्टी आहेत.

यानंतरची मागणी आपल्याकडे, म्हणजे या मंडपात बसलेल्यांकडे आहे. आपल्यापैकी ज्यांना निवडीला वाव आहे त्यांनी आठवड्यातून दोन दिवस तरी सायकल काढावी. व्यायाम होईल, पेट्रोल वाचेल, हे फायदे आहेतच, पण त्यासाठी आम्ही म्हणत नाही. आपण डांबराच्या त्या पायरीवरून दोनदा घसरलात की तिसऱ्या दिवशी आपणच अर्ज लिहाल, आणि आपला अर्ज वाचला जाईल. त्यामुळे जी साइडपट्टी सुधारेल तिच्यावरून गवंडी जाईल, पेपरवाला जाईल, आणि शेजारच्या खेड्यातली ती मुलगी दहावीला जाईल.