खोकल्याचे निदान



भोपाळ नगरीत खोकल्याचे कारण शोधावे लागत नाही; ते आधीच तयार असते. १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांमधील रात्री, युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि जे वाचले त्यांपैकी सहस्रावधींची फुप्फुसे कायमची दुर्बल झाली. त्यात विडीचे व्यसन व क्षयाचा प्रादुर्भाव. म्हणून जुन्या शहरातील एखादा वृद्ध खोकू लागला की 'गॅसचा खोकला' म्हणून घरची माणसे स्वस्थ राहतात. गांधी वैद्यकीय महाविद्यालयात १९८६ साली सुरू झालेल्या कर्करोग-नोंदणीत मात्र पुरुषांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग सतत अग्रभागी राहिला आहे.

हा व्याधी मोठा मौनी. फुप्फुसाच्या अंतर्भागास वेदना जवळजवळ कळत नाही. बदललेला खोकला, थुंकीत रक्ताची रेषा, बसलेला आवाज, घटते वजन, बोटांच्या अग्रांस आलेली गोलाई ही त्याची रूपे. त्यांतील बहुतेक क्षयातही दिसतात. क्ष-किरणचित्रावरील डागही सारखा असू शकतो. मग थुंकीत जंतू न सापडताच क्षयाची औषधे सुरू होतात आणि महिने निघून जातात.

औषधाने वा आहाराने पडणाऱ्या आरामास आपल्या शास्त्रकारांनी उपशय म्हटले आणि निदानाच्या पाच साधनांत त्याची गणना केली. ज्याची लक्षणे गूढ, तो व्याधी उपशय व अनुपशय या दोहोंनी पारखावा, असे चरकसंहितेचे सांगणे आहे. लोकांस त्यातील पहिलाच शब्द तेवढा आठवतो! गुण न येणे हेही रोगाने दिलेले उत्तरच होय. कधी गाठीने श्वासनलिका अडते. तिच्यामागे साचलेला संसर्ग प्रतिजैविकांनी काही दिवस ओसरतो, आणि हा खोटा उपशय अधिकच फसवतो.

थुंकी आधी तपासावी हे योग्यच. क्षय बरा होणारा आहे, त्याची शंका सोडू नये. परंतु थुंकी निर्दोष आणि चित्र सदोष असेल, तर सीटी स्कॅन करून, दुर्बिणीने अथवा सुईने गाठीचा कण काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, तेव्हाच रोगाचे नाव ठरते. सुईने रोग पसरतो या भयापायी होणारा विलंब सुईपेक्षा कितीतरी घातक. त्याच कणातील जनुके तपासून आता काही रुग्णांस, विशेषतः विडीस कधी न शिवलेल्यांस, नेमके औषध गोळीच्या रूपाने देता येते.

ईदगाह टेकडीवरील जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालयात जावे वा एम्समध्ये, मागची सर्व क्ष-किरणचित्रे तारीखवार बरोबर न्यावीत. जुने चित्र शेजारी ठेवल्यावाचून नवा डाग कोणता आणि जुन्या क्षयाचा व्रण कोणता, हे जाणत्या वैद्यासही सांगणे कठीण जाते.